वसई किल्ल्यात संत गोन्सालो गार्सिया कसे दाखवायचे

संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले आणि जपानमध्ये हुतात्मा झाले. त्यांची गोष्ट सांगायला धर्मग्रामातली (पॅरिशमधली) मुले, कॉलेजची सहल किंवा ट्रेकर्सचा गट घेऊन वसई किल्ल्यात जाणारे बरेच जण एका ठिकाणी हमखास चुकतात. समोर पडके चर्च दिसले की "इथेच गोन्सालोंचा बाप्तिस्मा झाला" असे ठोकून देतात. ऐकणाऱ्याला बरे वाटते, फोटो निघतात आणि पुढच्या गटाचा वाटाड्या तेच ऐकून पुढे सांगतो. खरी परिस्थिती अशी की आज किल्ल्यात उभे असलेले बहुतेक दगड गोन्सालोंनी पाहिलेच नाहीत. ते कोवळ्या वयात वसई सोडून गेले. नंतर इथे मोठाली बांधकामे झाली, तेव्हा ते जपानमध्ये होते किंवा हयातच नव्हते. एवढे स्वच्छ सांगूनही साडेतीन तासांची फेरी चांगली रंगते. फक्त तयारी वेगळी करावी लागते.

आधी तारखा पक्क्या करा

हातात एक कार्ड ठेवा. त्यावर एवढेच लिहा: जन्म वसई, १५५७ च्या सुमारास. जपानला प्रयाण १५७२. मनिलाहून फ्रान्सिस्कन ब्रदर म्हणून पुन्हा जपानला १५९३. हौतात्म्य नागासाकी, ५ फेब्रुवारी १५९७. धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) १६२७, पोप उर्बन आठवे. संतपद ८ जून १८६२, पोप पायस नववे.

जन्मवर्ष सांगताना "सुमारास" हा शब्द गाळू नका. कुठे १५५६ छापलेले असते, कुठे १५५७. गटात कोणीतरी मोबाइल उघडतोच आणि मग दहा मिनिटे त्यातच जातात. मृत्यूच्या वर्षाचाही असाच घोळ होतो. जपानी पंचांगाप्रमाणे तो दिवस केइचो पर्वाच्या पहिल्या वर्षातला, बाराव्या महिन्यातला एकोणिसावा. केइचोचे पहिले वर्ष म्हणजे १५९६ असे ढोबळ गणित करणारे लोक हौतात्म्याचे वर्ष १५९६ लिहितात. महिना वर्षाच्या अगदी शेवटचा असल्यामुळे तो आपल्या १५९७ च्या फेब्रुवारीत पडतो.

हौतात्म्य ५ तारखेचे, मग सण ६ फेब्रुवारीला का, हाही प्रश्न येणारच. ५ फेब्रुवारी हा रोमन पंचांगात आधीपासून संत आगाथाचा दिवस आहे, म्हणून जपानच्या हुतात्म्यांना पुढचा दिवस मिळाला. गावोगावचे सोहळे मात्र सोयीच्या रविवारी होतात. सणाच्या दिवशी गट न्यायचा असेल तर तारीख पंचांगात बघू नका, त्या वर्षीची धर्मग्रामाची सूचना वाचा.

नावाचे लेखन तीन-चार प्रकारे आढळते: गोन्सालो, गोंसालो, गोन्साल्वो आणि जुन्या मराठी मजकुरात गोन्सालू. पोर्तुगीज उच्चार शेवटच्या रूपाच्या जवळ जातो. पत्रक छापणार असाल तर एकच रूप धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. एकाच पानावर दोन रूपे आली की वाचणाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटतात. आणि या बाबतीत खरोखरच दोन वेगळी माणसे आहेत. त्याबद्दल पुढे येतेच.

सोबत काय घ्यायचे

गट वीस ते पंचवीस जणांचा ठेवा. त्याहून मोठा गट पडक्या भिंतींत पांगतो आणि मागच्यांना ऐकू येत नाही. मुले असतील तर दर आठ मुलांमागे एक मोठे माणूस हवे. माणशी दीड लिटर पाणी बरोबर घ्यायलाच हवे. आत गेल्यावर पाणी आणि स्वच्छतागृह मिळेल असे धरून चालू नका. तो कार्यक्रम आधी गावात किंवा पारनाक्याला उरकून घ्या. बूट बंद हवेत, सँडल नको. पाऊस संपल्यावर महिना-दीड महिना गवत कमरेएवढे असते आणि गवतात साप असतात. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरते, म्हणून तेव्हा मुलांना नेऊच नये. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सकाळी सातला सुरू करा आणि साडेदहाला संपवा.

सांगण्यासाठी तीन वस्तू लागतात. पहिली, २६ चिठ्ठ्या. दुसरी, सुतळीचा गुंडा, साधारण १५ मीटर. तिसरी, नकाशाची एक मोठी छापील प्रत, ज्यावर वसई, गोवा, मलाक्का, मकाव, मनिला, क्योतो आणि नागासाकी ही सात नावे लांबूनही वाचता येतील. मोबाइलवरचा नकाशा पंचवीस जणांना दाखवता येत नाही.

चिठ्ठ्यांवर नागासाकीच्या २६ हुतात्म्यांची नावे घाला. त्यांची मोजणी अशी: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघाचे (जेझुइट) आणि सतरा जपानी प्रापंचिक. फ्रान्सिस्कन म्हणजे पेद्रो बाउतिस्ता, मार्तिन दे ला असुन्सिओन, फ्रान्सिस्को ब्लांको, फ्रान्सिस्को दे सान मिगेल, मेक्सिकोत जन्मलेले फिलिप दे हेसूस आणि आपले गोन्सालो. येशूसंघाचे पॉल मिकी, गोतोचे जॉन आणि जेम्स किसाई. सतरांत लिओ कारासुमारू, त्यांचे भाऊ पॉल इबाराकी आणि या दोघांचा बारा वर्षांचा पुतण्या लुईस इबाराकी. तेरा वर्षांचा अंतोनियो. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आणि त्याचे वडील मायकेल. मग बोनाव्हेंतुरा, कोस्मे ताकेया, गेब्रिएल, स्वयंपाकी जोआकिम साकाकिबारा, रेशीम विणणारे जॉन किनुया, मॅथियस, पॉल सुझुकी, औषधे विकणारे थॉमस दांगी, वैद्य फ्रान्सिस, सुतार फ्रान्सिस आणि पीटर सुकेजिरो.

चिठ्ठीवर नावासोबत माहीत असेल ते वय किंवा धंदा लिहा. गोन्सालोंच्या चिठ्ठीवर फक्त "वसई" एवढेच लिहा. गट २६ पेक्षा लहान असेल तर उरलेल्या चिठ्ठ्या वाटाड्याकडे राहतात, पण एकही नाव गाळायचे नाही. या यादीमुळे एक गोष्ट भाषणाशिवाय कळते: वसईचा हा माणूस एकटा मेला नाही, आणि त्याच्याबरोबर मेलेल्यांत स्वयंपाकी, सुतार आणि शाळकरी वयाची पोरे होती.

आठवडाभर आधी एकट्याने फेरी मारा

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. साफसफाई कधी या बाजूची होते, कधी त्या बाजूची, त्यामुळे झाडीतल्या पायवाटा दरवर्षी बदलतात. मागच्या वर्षी मोकळी असलेली वाट यंदा काट्यांनी बंद असू शकते. पाहणीच्या दिवशी प्रत्येक थांब्यावर दोन गोष्टी नक्की करा: सगळे उभे राहतील अशी सावली कुठे आहे, आणि वर डोक्यावर सुटा दगड नाही ना. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातला गोल जिना मुलांना हटकून खुणावतो. मुले असतील तर तिथे आधीच एक मोठा माणूस उभा करा. झिजलेल्या पायऱ्या, वर अंधार आणि उतरणारे-चढणारे समोरासमोर, म्हणजे अपघात ठेवलेलाच.

रविवारी सकाळी लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची चर्चच्या दारात रांग असते. शांतता हवी असेल तर शनिवार धरा.

जायचे कसे

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर उतरून पश्चिमेला या. तिथून बस किंवा रिक्षा. गटाला बस बरी, कारण आठ रिक्षा एकत्र पोहोचत नाहीत आणि पहिला अर्धा तास मोजामोजीत जातो. सुरुवात दर्या दरवाजाकडून, म्हणजे किल्ला बंदराच्या बाजूने करा. बहुतेक गट उलटे, जमिनीकडच्या बाजूने आत शिरतात आणि दर्या दरवाजापाशी थकून पोहोचतात. गोन्सालोंची गोष्ट समुद्राची आहे. ती समुद्रापासून सुरू झाली नाही तर पुढचे सगळे हवेत राहते.

पहिला थांबा: दर्या दरवाजा (२५ मिनिटे)

इथे सुतळी काढा. जमिनीवर नकाशा पसरा, चार कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि सुतळीचे टोक वसईवर धरायला एकाला बसवा. मग सांगत सांगत सुतळी पुढे न्या.

सांगायचे एवढेच: २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी इथे गोन्सालो जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघाचे धर्मगुरू १५४८ च्या सुमारास वसईत आले होते, त्याच वर्षी फ्रान्सिस झेवियरही इथे येऊन गेले. त्या धर्मगुरूंच्या हाताखाली हा मुलगा शिकला. साधारण पंधराव्या वर्षी, १५७२ मध्ये, तो त्यांच्याबरोबर जपानला गेला.

जपानमध्ये त्यांनी भाषा इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून आठेक वर्षे काम केले. येशूसंघात प्रवेश मात्र मिळाला नाही. तेव्हा त्यांनी ते काम सोडले, व्यापार केला, त्या निमित्ताने मकाव आणि मनिला पाहिले. मनिलात फ्रान्सिस्कन संघात ते ब्रदर झाले. इथे सुतळी मकाववरून मनिलावर न्या आणि थांबवा.

या टप्प्यावर दोन चुका होतात. पहिली, त्यांना "फादर गोन्सालो" म्हणणे. ते कधीच धर्मगुरू नव्हते, मिस्सा अर्पण करत नव्हते. ते ब्रदर होते. दुसरी, ते येशूसंघाचे होते असे सांगणे. शिकले येशूसंघाकडे, राबले येशूसंघासाठी, पण व्रते घेतली ती फ्रान्सिस्कनांची. म्हणूनच चित्रात किंवा पुतळ्यात त्यांच्या अंगावर फ्रान्सिस्कनांचा झगा हवा आणि कमरेला तीन गाठींची दोरी हवी. काळ्या झग्यातले गोन्सालो दिसले तर समजा चित्रकाराने पॉल मिकींचा नमुना उचलला. मुलांना हे ओळखायला शिकवा. त्यांना असल्या चुका पकडायला फार आवडते.

दुसरा थांबा: सेंट जोसेफ चर्च (२० मिनिटे)

बंदराजवळचे उंच मनोऱ्याचे चर्च ते हेच, पोर्तुगीज काळातली वसईची मुख्य पॅरिश. इथे एक पोर्तुगीज शिलालेख आहे. त्यात हे चर्च १६०१ मध्ये नव्याने बांधल्याचे म्हटले आहे आणि गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो दे मेनेझेस यांचे नाव आहे. गटाला आकडा शोधायला लावा आणि मग हातातल्या कार्डावरच्या तारखेशी ताडून पाहायला सांगा. १६०१ म्हणजे गोन्सालोंच्या मृत्यूनंतर चार वर्षे.

याहून चांगला पुरावा किल्ल्यात दुसरा नाही. भाषण करून "पाहा, हे त्यांनी पाहिलेले नाही" असे बजावू नका. वजाबाकी त्यांना करू द्या. मग सांगा की याच जागेवर त्याआधीचे लहान चर्च होते, पण समोरच्या कमानी, हा मनोरा, हे सगळे नंतरचे. बाप्तिस्म्याचा विषय इथेच निघतो. "वसईत झाला असणार" इतकेच म्हणा. कोणत्या कुंडात, कोणत्या कोपऱ्यात, हे सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

तिसरा थांबा: येशूसंघाचे चर्च (४५ मिनिटे)

फेरीतला हा सर्वांत लांब थांबा. दर्शनी भागावर खांब आणि दारावर येशूच्या नावाची "आय, एच, एस" ही तीन अक्षरे कोरलेली दिसली की तुम्ही बरोबर जागी आलात. येशूसंघाची शाळा या आवारातली. म्हणून हे चर्च गोन्सालोंच्या नावाने ओळखले जाते आणि इथे त्यांच्या सणाची मिस्सा होते. आजचा दगडी दर्शनी भाग मात्र त्यांच्या बालपणीचा समजू नका. जागेचा संबंध खरा, दगडाचा नाही, असे एका वाक्यात सांगून पुढे जा.

इथे सगळ्यांना बसवा आणि जपानचा भाग पूर्ण करा. सुतळी मनिलाहून जपानला न्या.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता यांना तोयोतोमी हिदेयोशीकडे वकील म्हणून पाठवले. गोन्सालो त्यांचे दुभाषी. वकिलाला जपानी येत नव्हते, त्यामुळे हिदेयोशीशी जे बोलणे झाले त्यात गोन्सालोंच्या तोंडचे शब्द होते. हा मुद्दा नीट रुजवा. वसईच्या पोराने जपानच्या सर्वांत ताकदवान माणसासमोर उभे राहून त्याच्याच भाषेत बोलणी केली.

भेट "नागोया" इथे झाली असे बऱ्याच ठिकाणी वाचाल. ते आजचे मोटारगाड्यांचे नागोया शहर नव्हे. क्यूशू बेटावर हिझेन प्रांतात नागोया नावाचा दुसरा किल्ला होता, आजच्या कारात्सु शहराच्या हद्दीत. कोरियाच्या स्वारीसाठी हिदेयोशीची छावणी तिथे होती. नकाशावर चुकून मध्य जपानमधल्या नागोयावर बोट ठेवले तर पुढचा सगळा प्रवास उलटापालटा होतो. आणि हिदेयोशीला "सम्राट" किंवा "शोगुन" म्हणू नका. सम्राट क्योतोत वेगळा होता आणि शोगुन ही पदवी हिदेयोशीला कधी मिळाली नाही. लोक त्याला ताइको म्हणत.

पुढे क्योतोत फ्रान्सिस्कनांनी मठ काढला, रुग्णालये चालवली, कुष्ठरोग्यांची सेवा केली. वास्तविक १५८७ मध्येच हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण तो ढिलाईने पाळला जात होता. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर अडकले, त्यातला माल जप्त झाला, आणि त्या प्रकरणात हिदेयोशीचा रोष मठांवर वळला. जहाजावरच्या कोणी काय बढाई मारली यावरून स्पॅनिश आणि पोर्तुगीज गोटांत तेव्हापासून भांडण आहे. तुम्ही न्यायाधीश होऊ नका. जहाज, जप्ती, अटक हा क्रम सांगितला की पुरे.

डिसेंबर १५९६ मध्ये अटक. ३ जानेवारी १५९७ ला क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि गाड्यांतून धिंड काढली. मग ओसाका, साकाई आणि तिथून नागासाकी, भर थंडीत, साधारण ८०० किलोमीटर. आपल्या हिशेबाने वसईहून नागपूरपर्यंत, महिन्याच्या आत. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करायला बरोबर चाललेले दोघे, सुतार फ्रान्सिस आणि पीटर सुकेजिरो, यांनाही धरले आणि सव्वीस झाले.

आता चिठ्ठ्या. प्रत्येकाने उभे राहून आपली चिठ्ठी वाचायची. हळू, एकेक. मॅथियसची चिठ्ठी आली की थांबून सांगा: शिपाई दुसऱ्याच एका मॅथियसला शोधत होते. तो सापडेना, तेव्हा हा शेजारचा मॅथियस पुढे झाला आणि "माझेही नाव तेच" म्हणाला. थॉमस कोझाकीची चिठ्ठी आली की त्याने वाटेत आईला लिहिलेल्या पत्राचे सांगा. ते पत्र पुढे त्याच्या वडिलांच्या अंगावर सापडले, म्हणजे आईपर्यंत ते तेव्हा गेलेच नव्हते. मोठ्या आवाजात, रंगवून सांगायची गरज नाही. जितके साधे सांगाल तितके बरे.

क्रूसाबद्दल एक दुरुस्ती. अनेक चित्रांत खिळे दाखवतात. नागासाकीत खिळे वापरले नव्हते. हातपाय लोखंडी कड्या आणि दोऱ्यांनी बांधले होते, बसायला आणि पाय टेकायला लाकडाचे तुकडे होते आणि मृत्यू दोन्ही बाजूंनी भोसकलेल्या भाल्यांनी आला. गोन्सालोंच्या पुतळ्याजवळ दोन भाले दिसतात ते यामुळे. लहान मुलांपुढे हा भाग दोन वाक्यांत आटपा.

चौथा थांबा: फ्रान्सिस्कन चर्च (१५ मिनिटे)

फरशीतल्या कोरीव थडग्यांच्या शिळा पाहण्यासारख्या आहेत. पाय न देता कडेकडेने चाला, कारण अक्षरे आधीच झिजली आहेत. गोन्सालोंनी वसई सोडली तेव्हा फ्रान्सिस्कनही गावात होते, हे सांगून इथून निघा. जास्त रेंगाळलात तर उन्हे चढतात.

पाचवा थांबा: ज्या चर्चमुळे घोटाळा होतो

किल्ल्यात डॉमिनिकन संघाच्या मठाचे अवशेष आहेत आणि तेही चर्च "सेंट गोन्सालो" यांचेच. नकाशावर नाव वाचून गट थेट इकडे येतात, माळ घालतात, फोटो टाकतात. पण हे गोन्सालो आमारांतेचे, पोर्तुगालमधले डॉमिनिकन धर्मगुरू, तेराव्या शतकातले. आपले गोन्सालो जन्मण्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे ते वारले. पोर्तुगीजांत हे नाव आपल्याकडच्या गणपतरावाइतके सर्रास. ओळखायचे सूत्र सोपे आहे: फ्रान्सिस्कन वेष आणि भाले असतील तर गार्सिया, डॉमिनिकन काळा-पांढरा वेष असेल तर आमारांते.

या थांब्याला दहा मिनिटे पुरतात, पण तो टाळू नका. इथे उभे राहून एकदा सांगितलेली गोष्ट लोक विसरत नाहीत.

गटात सगळे ख्रिस्ती नसतील तेव्हा

वसईचा किल्ला म्हटले की बहुसंख्य मराठी माणसाला मे १७३९ आणि चिमाजीअप्पा आठवतात. किल्ल्यापाशी त्यांचा पुतळा आहे, आत नागेश्वराचे देऊळ आहे, आणि इथल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला लटकताहेत. गोन्सालोंची फेरी आहे म्हणून हे गाळले तर अर्धा गट ऐकायचे सोडतो. उलट १७३९ नंतरच ही चर्च ओस पडली आणि म्हणून आज पडकी आहेत, हा सांधा सांगितला की दोन्ही इतिहास एकाच जागी बसतात. वाद निघालाच तर तारखांवर राहा.

"पहिला भारतीय संत कोण" हा प्रश्नही ठरलेला. २००८ मध्ये केरळच्या अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा काही ठिकाणी "पहिल्या भारतीय संत" असे छापले गेले. नेमके बोलायचे तर अल्फोन्सा या पहिल्या भारतीय स्त्री संत. भारतात जन्मलेल्यांत संतपदाचा मान पहिल्यांदा मिळाला तो १८६२ मध्ये गोन्सालोंना. गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ २०१५ मध्ये संत झाले. वडील पोर्तुगीज म्हणून गोन्सालोंना भारतीय म्हणावे का, असे कोणी विचारले तर "भारतात जन्मलेले पहिले संत" हे शब्द वापरा. ते कोणालाच खोडता येत नाहीत.

किल्ल्याबाहेर

वेळ उरला तर त्यांच्या नावाचे गासचे चर्च दाखवता येते. पापडीच्या कॅथेड्रलवरून जाता येते. वसईतल्या कॉलेजलाही त्यांचेच नाव आहे. दगडांपेक्षा त्यांची स्मृती या जिवंत जागांत अधिक आहे, पण तिथे मिस्सा, वर्ग, लग्ने चालू असतात. आधी विचारून जा.

जपानला जाणारे वसईकर आता कमी नाहीत. नागासाकीत जाणार असाल तर निशिझाका टेकडी रेल्वे स्थानकापासून पायी पाच मिनिटांवर आहे. वाट विचारताना "निजुरोकु सेइजिन", म्हणजे सव्वीस संत, असे म्हणा. गोन्सालोंचे एकट्याचे नाव तिथे फारसे कोणाला कळणार नाही. १९६२ मध्ये, संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, तिथे शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांचे ब्राँझचे सव्वीस पूर्णाकृती पुतळ्यांचे शिल्प आणि शेजारी संग्रहालय उभे राहिले. वरच्या वाचनातली चिठ्ठ्यांची यादी बरोबर न्या. तिन्ही मुले उंचीवरून लगेच ओळखू येतात.

निघताना

मेणबत्त्या फक्त चर्चच्या आत, दगडावर, आणि निघण्याआधी विझवून. फेब्रुवारीत गवत वाळलेले असते. हार घातलाच तर प्लास्टिकची पिशवी आणि दोरा परत घ्या. भिंतीला काही चिकटवू नका, खिळा ठोकू नका, खडूनेही लिहू नका.

सुतळी गुंडाळा, नकाशावरचे दगड होते तिथे ठेवा आणि माणसे मोजा. मग चिठ्ठ्या मोजा. पंचवीस भरल्या तर बहुतेक वेळा गोन्सालोंची चिठ्ठी कुणीतरी खिशात ठेवलेली असते. मागू नका, पुढच्या फेरीसाठी नवी लिहा.